आधी सुकेल तिथे शॉर्ट

‘‘बोर्ड गेलाय. नवा टाकायचा तर खर्च फार येईल, त्यापेक्षा नवीन लॅपटॉपच घ्या.’’ वॉरंटी संपल्यावर लॅपटॉप बंद पडला की काउंटरवर हे वाक्य हमखास ऐकू येतं. आपण मान डोलावतो आणि नव्या लॅपटॉपच्या किमती बघायला लागतो. पण जरा थांबा. मदरबोर्डवर हजाराच्या घरात सुटे भाग असतात. त्यातला नेमका गेला कोणता? एक, दहा, की सगळेच?

उत्तर थक्क करणारं आहे. पुष्कळदा एकच भाग गेलेला असतो, आणि तोही दीड-दोन मिलिमीटर लांबीचा. बाकी सगळा बोर्ड ठणठणीत असतो!

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर (पाटीवरचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग), दिल्लीच्या नेहरू प्लेसमध्ये, बंगळुरूच्या एस. पी. रोडवर हा एक भाग शोधून काढणारी माणसं बसलेली असतात. त्यांच्या कामाला ‘चिप लेव्हल’ म्हणतात. एक मायक्रोस्कोप, एक मल्टीमीटर, एक हॉट एअर गन आणि एक डीसी सप्लाय एवढ्याच सामानावर ते हजार भागांतला आजारी भाग पकडतात. कसा पकडतात, ते बघण्यासारखं आहे.

आधी एक साधा प्रश्न. बंद असलेला लॅपटॉप खरंच बंद असतो का?

नाही! चार्जरची पिन आत गेली की बटण दाबण्याआधीच बोर्डाचा एक कोपरा जागा होतो. 3.3 आणि 5 व्होल्टच्या दोन लाइन सुरू होतात आणि त्यांच्या बळावर एक आयसी पहारा देऊ लागते. तिचं नाव एम्बेडेड कंट्रोलर, दुकानातल्या बोलीत ‘आयओ’. तुम्ही पॉवरचं बटण दाबता तेव्हा वीज सुरू होत नाही, या आयओकडे फक्त विनंती जाते. ती चिपसेटला कळवते, चिपसेट परवानगी देतो, आणि मग ठरलेल्या क्रमाने एकेक लाइन उठते. मेमरीची उठते, ग्राफिक्सची उठते, प्रोसेसरची उठते. प्रत्येक लाइनने ‘मी ठीक आहे’ असा सिग्नल दिला, तरच पुढचं पाऊल पडतं. एकीनेही हजेरी दिली नाही तर सगळा बोर्ड जागच्या जागी थांबतो. आणि हा सगळा कारभार उरकतो सेकंदाभरात!

कारागीर हा क्रम एका आकड्यावरून वाचतो. चार्जर बाजूला ठेवून तो बोर्डाला डीसी सप्लाय जोडतो, बटण दाबतो आणि अँपिअर बघतो. आकडा शून्यावरून हललाच नाही, तर वीज आतच शिरलेली नाही. काही मिलिअँपिअर दिसले आणि बटण दाबूनही तेवढेच राहिले, तर आयओपर्यंत वीज पोचली आहे, पण पुढे हुकूम जात नाही. आकडा चढून लगेच कोसळला, तर मधली एखादी लाइन उठता उठता पडली. आणि आकडा चढून वर-खाली नाचू लागला, तर प्रोसेसर काम करतोय. मग बिघाड बहुधा बायॉसमध्ये किंवा डिस्प्लेच्या बाजूला शोधायचा. अजून एका भागालाही हात लागलेला नाही, तरी संशयितांची यादी मूठभर झाली!

आता दुसरं नवल. चार्जरमधून येतात साधारण 19 व्होल्ट. प्रोसेसरला लागतो 1 व्होल्टच्या आसपास. मग मधले 18 व्होल्ट जातात कुठे? नुसती उष्णता म्हणून उडवले, तर लॅपटॉपला हात लावता येणार नाही. इंजिनिअरांनी काढलेली तोड फार देखणी आहे. त्यांनी व्होल्टेज कापलं नाही, वेळ कापला! मॉसफेट नावाचा एक स्विच 19 व्होल्टची लाइन सेकंदाला काही लाख वेळा जोडतो आणि तोडतो. प्रत्येक फेरीत ती जोडलेली असते जेमतेम एकोणिसाव्या हिश्शाइतका वेळ. पुढची कॉइल आणि कॅपॅसिटर हे तुकडे सपाट करून टाकतात आणि सरासरी उरतो 1 व्होल्ट. तुम्ही हे वाचताय तोवर जवळच्या प्रत्येक चालू लॅपटॉपमध्ये हे कोट्यवधी वेळा होऊन गेलं आहे.

पण या युक्तीच्या पोटातच एक धोका आहे. हा मॉसफेट शॉर्ट होऊन कायमचा जोडलेलाच राहिला तर? 19 व्होल्ट थेट 1 व्होल्टवाल्या प्रोसेसरवर! म्हणून जाणता कारागीर सुरुवातीलाच तिथे मीटर लावतो. प्रोसेसर जळालेला असेल तर पुढचा खर्च बहुधा व्यर्थ असतो, आणि हे तो तुम्हाला पहिल्या तपासणीतच सांगू शकतो. त्यातही एक चकवा आहे. निरोगी प्रोसेसरची लाइनसुद्धा मीटरवर जवळजवळ शॉर्टसारखीच दिसते, इतका तिचा रेझिस्टन्स मुळातच कमी असतो. नवशिका तिथे फसतो आणि चांगल्या बोर्डाला मेलेला ठरवतो.

समजा, प्रोसेसर सलामत आहे. मीटर सांगतंय की मुख्य 19 व्होल्टची लाइन शॉर्ट आहे, तिथली वीज सरळ ग्राउंडला मिळते आहे. चार्जर लावताच त्याचा दिवा विझतो तो यामुळेच. आता गुन्हेगार कोण? या लाइनवर कितीतरी सिरॅमिक कॅपॅसिटर समांतर जोडलेले असतात. त्यातला एक शॉर्ट झाला की मीटरचा बझर प्रत्येकावर वाजतो! चाळीच्या सामायिक टाकीवर एका घरातला नळ उघडा राहिला की सगळ्यांचं पाणी जातं. आपल्या कोरड्या नळाकडे कितीही वेळ बघितलं तरी उघडा नळ कोणाचा हे कळत नाही. तसंच हे.

आणि बाहेरून बघून ओळखावं, तर तेही अवघड. या चिमुकल्या ठोकळ्यात बेरियम टायटनेट नावाच्या सिरॅमिकचे आणि धातूचे एकाआड एक थर असतात. किती? दोन मिलिमीटरच्या ठोकळ्यात शेकडो असू शकतात! लॅपटॉप पडला, बोर्ड किंचित वाकला, आतल्या आत सूक्ष्म चीर गेली, की धातूचे दोन थर एकमेकांना भिडतात. वरून मात्र तो शेजारच्या कॅपॅसिटरसारखाच तपकिरी आणि गुळगुळीत दिसतो.

मग एकेक काढून बघायचा? कारागीर तसं करत नाही. तो शॉर्टलाच वीज पाजतो! पण 19 व्होल्ट नाही, फक्त 1. हिशेब करून बघा. 1 व्होल्टला 3 अँपिअर गेले तर 3 वॅट उष्णता झाली, आणि तिचा मोठा वाटा त्या एवढ्याशा ठोकळ्यात. तो तापणार नाही तर काय होईल? बाकीच्या आयसींना मात्र 1 व्होल्ट इतका अपुरा असतो की त्यांना काही इजा होत नाही. थर्मल कॅमेरा असेल तर पडद्यावर एक ठिपका उजळतो. नसेल तर बोर्डावर ब्रशने आयसोप्रोपिल अल्कोहोल पसरायचं. सगळा बोर्ड ओला, चकचकीत. सप्लाय सुरू केला की बघता बघता एकाच जागची ओल उडून जाते. आधी सुकेल तिथे शॉर्ट! मीटरने हात टेकले तिथे थोड्याशा द्रवाने उत्तर दिलं.

तो कॅपॅसिटर गनने उचलला की बझर गप्प होतो. कित्येकदा बोर्ड त्याच्याविनाही चालतो, कारण उरलेले त्याचं काम वाटून घेतात. तरीही चांगला कारागीर रिकामी जागा तशी सोडत नाही, त्याच मापाचा आणि त्याच व्होल्टेजचा भाग तिथे बसवतो. भागाची किंमत किरकोळ असते. आपण पैसे देतो ते शोधण्याचे, आणि ते द्यायलाच हवेत.

सगळे बिघाड इतके सरळ नसतात. प्रोसेसर, चिपसेट, ग्राफिक्स चिप यांना बाहेर पाय नसतात. त्या पोटाखालच्या सोल्डरच्या शेकडो गोळ्यांवर उभ्या असतात. मोठ्या चिपखाली गोळ्या हजारापलीकडे जातात. अशी चिप काढून, जुन्या गोळ्या साफ करून, स्टेन्सिलमधून नव्या बसवणं म्हणजे ‘रिबॉल’. त्यातला एक क्षण मला सगळ्यात आवडतो. गोळ्या वितळल्या की चिप जराशी वाकडी ठेवलेली असली तरी आपोआप सरकते आणि अचूक जागी जाऊन बसते! वितळलेल्या सोल्डरचा पृष्ठताण तिला ओढून घेतो. हजार जोड एकाच वेळी, कोणीही न ढकलता.

युरोपीय संघाने 1 जुलै 2006 पासून इलेक्ट्रॉनिक वस्तूंमधल्या शिशावर निर्बंध आणले आणि जगभरचा सोल्डर बदलला. शिसंमिश्रित सोल्डर 183 अंशांवर वितळायचा, नव्याला सुमारे 217 अंश लागतात. त्याच काळात लॅपटॉपच्या ग्राफिक्स चिप मोठ्या संख्येने बंद पडू लागल्या. जुलै 2008 मध्ये एन्व्हिडिया कंपनीने अशा चिपच्या दुरुस्ती आणि बदलीसाठी 15 ते 20 कोटी डॉलरची तरतूद जाहीर केली. बाजारात तेव्हा एक इलाज पसरला. चिपला गरम हवा मारायची, म्हणजेच ‘रिफ्लो’. आणि लॅपटॉप चालूही व्हायचा! पण का? दोष बोर्डावरच्या गोळ्यांत नव्हताच. तो चिपच्या आत, सिलिकॉनला तिच्या तळपट्टीशी जोडणाऱ्या त्याहून बारीक जोडांत होता. उष्णतेने तिथली फट तात्पुरती मिटायची, आणि काही दिवसांनी, काही आठवड्यांनी पुन्हा उघडायची. म्हणून अशा चिपवर गरम हवा मारून पैसे घेणं ही दुरुस्ती नव्हे. ‘चिपच बदलावी लागेल, नाहीतर राहू द्या’ असं सांगणारा माणूस खरी सेवा देतो.

इथे कोणी विचारेल, मग कंपन्यांच्या सेंटरमध्ये हे का होत नाही? तिथे गावोगावी एकसारखं काम झटपट व्हावं लागतं. बोर्ड बदलणं थोड्या दिवसांत शिकवता येतं, शॉर्ट शोधण्यासाठी माणूस वर्षानुवर्षं मुरावा लागतो. पद्धतीमागे तर्क आहे. पण बोर्ड बदलताना आणखी एक गोष्ट हातची जाऊ शकते, आणि ती पैशांहून मोलाची आहे.

ती म्हणजे तुमचा डेटा. आज कित्येक लॅपटॉपमध्ये डिस्कवरची माहिती कुलूपबंद असते आणि किल्ली बोर्डावरच्या चिपमध्ये. विंडोजमध्ये बिटलॉकर सुरू असेल आणि बोर्ड बदलला, तर 48 अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ती नसेल तर फोटो, हिशेब, प्रबंध सारं डोळ्यांसमोर असून हाती लागत नाही. ॲपलच्या 2018 पासूनच्या टी2 चिपवाल्या मॅकबुकमध्ये तर साठवणच बोर्डावर सोल्डर केलेली असते आणि तिची किल्ली त्याच टी2 चिपमध्ये असते. बॅकअप नसेल तर तिथे डेटा परत मिळवण्याचा मार्ग एकच, तोच बोर्ड जिवंत करणं. दोन मिलिमीटरचा कॅपॅसिटर बदलला की दहा वर्षांचे फोटो परत येतात. याहून मोठी ग्राहकसेवा कोणती?

आता चांगलं दुकान कसं ओळखायचं, हे आपोआप उमगतं. ते आधी डेटाबद्दल विचारतं आणि न सांगता फॉरमॅट करत नाही. तपासणीचे पैसे किती आणि पुढचा अंदाज काय, हे कागदावर देतं. काढलेला भाग परत देतं. दुरुस्तीनंतर लॅपटॉप लगेच हातात ठेवत नाही, काही तास चालवतं, तापू देतं, थंड करून पुन्हा सुरू करतं; कारण तडकलेले जोड गरम-थंड होतानाच उघडे पडतात. आपल्या कामाची वॉरंटी लिहून देतं. आणि पाणी सांडून बोर्डाचे आतले थर कुजले असतील, तर ‘हे होणार नाही’ असंही स्पष्ट सांगतं.

या माणसांना सर्वांत जास्त कसली उणीव भासते? नकाशांची. कोणती लाइन कुठून कुठे जाते ते दाखवणारं स्कीमॅटिक, कोणता भाग कुठे आहे ते दाखवणारा बोर्डव्ह्यू, हे कंपन्यांकडे असतं, पण बाहेरच्या कारागिराला सहसा मिळत नाही. फ्रान्सने 1 जानेवारी 2021 पासून लॅपटॉपसह काही वस्तूंवर दुरुस्तीयोग्यतेचे दहापैकी गुण छापणं बंधनकारक केलं, आणि कागदपत्रं उपलब्ध आहेत का, याचेही त्यात गुण आहेत. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 24 डिसेंबर 2022 रोजी, राष्ट्रीय ग्राहक दिनी, ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं. सुरुवात चांगली आहे. हात आपल्याकडे आहेत, डोकंही आहे. नकाशे मात्र आपण ग्राहकांनी आग्रहाने मागायला हवेत.

तोवर एक गोष्ट आजच करता येते. कोणी ‘बोर्ड गेला’ म्हणालं, तर होकार देण्याआधी विचारा: कोणती लाइन गेली? शॉर्ट आहे का? मीटरवर दाखवाल? जो माणूस आनंदाने मीटर तुमच्याकडे वळवतो आणि समजावून सांगायला लागतो, त्याच्याकडे लॅपटॉप निर्धास्त ठेवा.