दाढ ठणकल्यावर पॉलिसी शोधताय?

रात्रीचे दोन वाजलेत, सकाळी पेपर आहे आणि नेमकी तुमची अक्कलदाढ ठणकायला लागलीये. लवंग चावून झाली, पेनकिलर झाली. दुसऱ्या दिवशी डॉक्टर एक्स-रे बघून सांगतात, "दाढ आडवी आलीये, सर्जरी करून काढावी लागेल. शेजारच्या दाढेला रूट कॅनॉल आणि वर कॅप." त्यानंतर ते आकडा सांगतात आणि दाढेपेक्षा तोच जास्त ठणकायला लागतो.

माझ्या रूममेटचं अस्संच झालं. पण गडी निवांत होता. "बाबांची पाच लाखांची मेडिक्लेम आहे ना, टेन्शन कशाला?" उधारी करून त्यानं बिल भरलं, क्लेम टाकला आणि तो नामंजूर झाला. पठ्ठ्या कंपनीवर भडकला. मग आम्ही दोघांनी पहिल्यांदाच पॉलिसीची पानं उलटली. 'काय कव्हर होत नाही' या यादीत दातांचे उपचार स्पष्ट छापलेले होते! 'सगळं कव्हर आहे' असं सांगणारा एजंट मात्र त्यानंतर फोन उचलेना. त्याची मेसची दोन महिन्यांची फी त्या दाढेत गेली.

आपल्याकडच्या बहुतेक मेडिक्लेम पॉलिसींत हीच गत आहे. अपघातात दात तुटला आणि त्यासाठी अॅडमिट व्हावं लागलं, तर खर्च मिळू शकतो. म्हणजे बाइकवरून पडून जबड्याला लागलं असेल, तर डिस्चार्जचे कागद जपून ठेवा. पण कीड, रूट कॅनॉल, कॅप हे सगळं खुर्चीत बसून होतं, अॅडमिट न होता. म्हणून ते ओपीडीत मोडतं आणि साध्या पॉलिसीच्या बाहेर राहतं.

फक्त दातांची वेगळी पॉलिसी भारतात फारशी मिळत नाही. मिळतं ते ओपीडी कव्हर, तेही मुख्य पॉलिसीला जोडून, जास्तीचा प्रीमियम भरून. इथे जरा कॅल्क्युलेटर काढा. समजा, त्यासाठी वर्षाला 4000 रुपये जास्त जातायत आणि दातांसाठी मर्यादा आहे 5000 ची. त्यात वेटिंग पिरियड असेल, तर तेवढा काळ काहीच मिळणार नाही. मग फायदा कोणाचा? ब्रेसेस, दात पांढरे करणं, इम्प्लांट हे बऱ्याचदा त्यातूनही वगळलेलं असतं. तेव्हा 'डेंटल कव्हर आहे का?' एवढंच विचारू नका. 'रूट कॅनॉल आणि कॅपचे किती रुपये, कधीपासून, कुठल्या क्लिनिकमध्ये?' असं विचारा आणि उत्तर लेखी मागा. पॉलिसी हातात आल्यावर 30 दिवसांत ती परत करता येते, हा हक्क एजंट सहसा आपणहून सांगत नाही.

आणि हो, अॅपवर 'डेंटल प्लॅन' म्हणून विकली जाणारी कार्डं नीट बघा. त्यातली बरीच नुसती डिस्काउंट कार्डं असतात, त्यांना विमा म्हणत नाहीत.

एमएससाठी अमेरिकेला निघालेल्यांचा हिशेब वेगळा आहे. तिथे डेंटल इन्शुरन्स बहुधा हेल्थ इन्शुरन्सपासून वेगळा घ्यावा लागतो. नेहमीचा साचा असा: तपासणी आणि सफाईचे 100 टक्के, फिलिंगचे 80, कॅपसारख्या मोठ्या कामाचे 50. त्यावर वर्षाची कमाल मर्यादा, अनेकदा 1000 ते 1500 डॉलर. मोठ्या कामांना वेटिंग पिरियड असतो तो वेगळाच. त्यामुळे व्हिसाच्या धावपळीत एक दिवस डेंटिस्टसाठी काढा, जे काम निघेल ते इथेच उरकून मग विमानात बसा.

आता तुमची दाढ आजच दुखतेय, तर कुठलीही पॉलिसी तुमच्या कामाची नाही. मुंबईत सीएसएमटीजवळचं शासकीय दंत महाविद्यालय किंवा मुंबई सेंट्रलचं नायर दंत रुग्णालय गाठा. नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरातही सरकारी दंत महाविद्यालयं आहेत. तिथे तुमच्याच वयाचे विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात. खर्च खासगी दवाखान्याच्या मानाने खूपच कमी, पण वेळ लागतो आणि चार खेपा घालाव्या लागतात. माझ्या रूममेटनं दुसरी दाढ तिथेच केली. केसपेपरसाठी सकाळी लवकर जा, आणि रांगेत वाचायला नोट्स न्या.