कपाटातला कागद

सकाळी ९.४५. वॉर्ड ऑफिस. मी महापालिकेची आरोग्य अधिकारी. डेंग्यूचा तक्ता, फवारणीच्या पथकांची हजेरी, दोन तक्रारी. पहिला तास कुठे जातो, कळत नाही.

११.००. एक आजोबा येतात, वय ८१. कापडी पिशवीतून प्लास्टिकची फाइल काढतात : लिव्हिंग विल, म्हणजे शेवटच्या आजारपणात कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवलेला कागद. त्याची प्रत सांभाळणं हेही माझं काम. मुंबईतल्या डॉ. निखिल दातारांनी उच्च न्यायालयात जनहित याचिका केली, तेव्हा कुठे राज्यात असे अभिरक्षक नेमले गेले.

कागद तपासते. दोन साक्षीदारांच्या सह्या आहेत, नोटरीचा शिक्का आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८च्या निकालानुसार यासाठी न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे जावं लागे. कोण जाणार होतं? २०२३मध्ये त्याच न्यायालयाने नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी चालेल असं ठरवलं, ते फार बरं झालं. बरं होण्याची आशा नसेल तर व्हेंटिलेटर नको, नळीने अन्न नको, असं सुवाच्य अक्षरात लिहिलंय. निर्णयासाठी नाव मुलीचं.

“मुलीला प्रत दिलीत?”

“ती नागपूरला असते. उगाच घाबरेल.”

“आणि तुमच्या फॅमिली डॉक्टरांना?”

मान हलते. नाही.

इथे मी शिक्का बाजूला ठेवते. कागद खरा आहे का, हे उपचार करणारे डॉक्टर अभिरक्षकाकडून पडताळू शकतात. पण असा कागद आहे, हे आधी कोणीतरी त्यांना सांगायला हवं. मध्यरात्री अतिदक्षता विभागाच्या दारात मुलगी उभी असेल, आणि माझं कपाट कुलपात. मागे एका घरी असंच झालं. कागद सापडला तो तेराव्यानंतर, बँकेच्या पासबुकात. त्या मुलाचा चेहरा अजून डोळ्यांसमोर येतो.

११.४०. आजोबा माझ्याच टेबलावरून मुलीला फोन लावतात. स्पीकरवर. वाचून दाखवताना आवाज एकदा अडखळतो. पलीकडे बराच वेळ शांतता.

“बाबा, नळीने अन्न नको म्हणजे सलाइनही नको का?”

आजोबा माझ्याकडे बघतात. हे त्यांनी लिहिलेलंच नाही.

१२.०५. फाइल परत पिशवीत जाते. मुलगी शनिवारी येतेय. दोघं बसून नव्याने लिहिणार आहेत.

१२.१०. फवारणीवाल्यांचा फोन.