आमदारांचे पत्र आणि नागरिकांचा हक्क

आमदाराचे शिफारसपत्र ही महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनातील एक अजब वस्तू आहे. राज्यघटनेत तिचा उल्लेख नाही, कोणत्याही कायद्याने तिला बळ दिलेले नाही. आणि तरीही तहसील कचेरीपासून रुग्णालयापर्यंत तिच्यावाचून अनेकांचे पान हलत नाही. उत्पन्नाचा दाखला, शिधापत्रिकेत सुनेचे नाव, निराधार विधवेचे अनुदान, मुलीचा वसतिगृहातील प्रवेश, आजारी माणसासाठी खाट, अशा गोष्टींसाठी आमदारांच्या संपर्क कार्यालयापुढे सकाळपासून रांग लागते. या रांगेतील माणसाला राज्याचे धोरण बदलून नको असते. त्याला दाखला हवा असतो, आणि तो प्रवेशाची मुदत संपण्यापूर्वी हवा असतो.

या रांगेची किंवा या पत्रांची चेष्टा करणे सोपे आहे, परंतु ते न्यायाचे होणार नाही. विधानसभेत २८८ सदस्य आहेत आणि २०११ च्या जनगणनेनुसार राज्याची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख होती. म्हणजे त्याच आकड्यांनी एका आमदाराच्या वाट्याला सरासरी ३ लाख ९० हजार माणसे येतात. एवढ्या माणसांपैकी ज्यांना कचेरीची भाषा कळत नाही, कोणत्या खिडकीवर उभे राहावे हे उमगत नाही, त्यांच्यासाठी कोणीतरी ऐकून घेणारा असणे ही लहानसहान गोष्ट नव्हे. कचेरीतला साहेब दौऱ्यावर असतो; आमदाराच्या कार्यालयातला कार्यकर्ता निदान अर्ज तरी भरून देतो. लोकशाहीची ओळख सामान्य माणसाला अनेकदा याच उंबरठ्यावर होते.

प्रश्न वेगळाच आहे. त्या रांगेत उभे राहून माणूस जे मागतो, ते बहुतेक वेळा कायद्याने त्याला आधीच दिलेले असते.

हक्क आहे, माहिती नाही

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ साली आला. अधिसूचित केलेली प्रत्येक सेवा किती दिवसांत द्यावयाची, ती कोणत्या पदनिर्देशित अधिकाऱ्याने द्यावयाची, हे या कायद्याने ठरवून जाहीर करावे लागते. तसा फलक कचेरीत लावावा लागतो. अर्ज फेटाळला तर कारण लेखी द्यावे लागते. मुदत टळली किंवा अर्ज विनाकारण नाकारला गेला, तर त्याच खात्यातील वरिष्ठांकडे पहिले व दुसरे अपील आणि त्यानंतर राज्य लोकसेवा हक्क आयोगाकडे तिसरे अपील करता येते. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंडाची तरतूद आहे. ज्या दाखल्यासाठी गरीब माणूस मजुरी बुडवून हेलपाटे घालतो, त्याच्यामागे एवढा कायदा उभा आहे. त्याला मात्र तो ठाऊक नसतो.

रुग्णालयांची गोष्ट याहून गंभीर आहे. सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेल्या आणि सवलती घेणाऱ्या धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्यात, अशी योजना मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने २००६ पासून लागू आहे. तिच्यासाठी रुग्णालयाने आपल्या एकूण देयकांच्या दोन टक्के रक्कम वेगळ्या निधीत जमा करावयाची असते. तातडीच्या रुग्णाला ताबडतोब दाखल करून घ्यावे, निर्धन रुग्णाकडून अनामत रक्कम मागू नये, हेही त्यात स्पष्ट आहे. तरीही रुग्णाचा मुलगा प्रथम धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाकडे न धावता आमदारांच्या चिठ्ठीसाठी धावतो. चिठ्ठी मिळाली की खाट मिळते, आणि ती साहेबांच्या कृपेने मिळाली असे घरादाराला वाटते. न्यायालयाने दिलेला हक्क अशा रीतीने मेहेरबानीच्या खात्यावर जमा होतो.

यात नुकसान कोणाचे, असे कोणी विचारील. काम तर झाले! पण पत्राने रांग तोकडी होत नाही. फक्त रांगेतील माणसांचा क्रम बदलतो. एक पुढे सरकतो तेव्हा ज्याच्याकडे पत्र नाही असा दुसरा मागे जातो, आणि त्या दुसऱ्याचे नाव कोणालाच कळत नाही. कचेरीतील कारकुनाचीही यात कोंडी होते. एका प्रकरणाला पत्र जोडलेले असेल तर ते वर घ्यावे लागते. दहा प्रकरणांना जोडलेले असेल तर पत्राची किंमत उतरते आणि मग दूरध्वनी यावा लागतो. नियमाप्रमाणे क्रमाने काम करणारा कर्मचारी अडवणूक करणारा ठरतो, तो असा.

सर्वांत मोठे नुकसान विधिमंडळाचे आहे. एका तालुक्यात शंभर दाखले अडकले असतील आणि आमदाराने ते एकेक करून सोडवले, तर शंभर कुटुंबे समाधानी होतात. पण ते अडकले का, पदे रिकामी होती की काय, हा प्रश्न सभागृहात पोहोचतच नाही. तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, आश्वासन समिती ही आयुधे ज्या कामासाठी आहेत, ते काम चिठ्ठीच्या आडोशाला झाकले जाते. निराधार अनुदान २०१९ पर्यंत दरमहा अवघे ६०० रुपये होते. त्या वर्षी ते १,००० आणि २०२३ मध्ये १,५०० झाले. ही वाढ कोणाच्या शिफारसपत्राने झालेली नाही. ती अर्थसंकल्पातून आली आणि प्रत्येक लाभार्थ्याला मिळाली.

पागे यांचा धडा

साहाय्याचे हक्कात रूपांतर कसे करावे, याचा धडा महाराष्ट्राच्याच विधिमंडळाने देशाला दिला आहे. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात ज्या रोजगार हमीचा प्रयोग १९६५ च्या सुमारास करविला, ती १९७२ च्या दुष्काळात राज्यभर पोहोचली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मजुराने काम मागावे आणि पंधरा दिवसांत ते मिळाले नाही तर त्याला बेकारी भत्ता द्यावा, असे वचन राज्याने दिले. त्यासाठी १९७५ पासून व्यवसाय कर बसला. शिक्षकाच्या आणि कारकुनाच्या पगारपत्रकात आजही दिसणारी ती कपात मुळात याच कारणासाठी होती. मजुराने काम मागण्यासाठी पुढाऱ्याची चिठ्ठी आणावी, असे त्या कायद्यात कुठेही नव्हते. २००५ साली केंद्राने देशभरासाठी रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचा अनुभव त्याच्यापुढे होता.

या पार्श्वभूमीवर आजचे आमदारांचे कार्य अहवाल पाहावेत. गुळगुळीत कागद, भूमिपूजनांची छायाचित्रे, वाढदिवसाची शिबिरे, आणि वार्षिक पाच कोटी रुपयांच्या स्थानिक विकास निधीतून झालेल्या सभामंडपांची यादी! लोकांना आपल्या भागात काय घडते हे कळावे, यात गैर काही नाही. पण त्याच अहवालाची चार पाने दुसऱ्या कामी आली तर? तालुक्यातील कोणता दाखला किती दिवसांत मिळावयास हवा. अपील कोणाकडे करावयाचे. जिल्ह्यात धर्मादाय रुग्णालये कोणती. तालुका विधी सेवा समिती कोठे बसते आणि स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती व अपंग यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, हे त्यात छापता येईल. गेल्या वर्षी कोणत्या कामासाठी किती माणसे कार्यालयात आली आणि त्यांपैकी कोणता प्रश्न सभागृहात मांडला, याचा हिशेबही देता येईल. असा अहवाल घरोघरी जपून ठेवला जाईल.

यात सुशिक्षितांचाही वाटा आहे. विधान परिषदेत शिक्षकांचे सात आणि पदवीधरांचे सात प्रतिनिधी आहेत. त्यांना जाब विचारणारा मतदार अर्ज वाचू शकतो आणि अपीलही लिहू शकतो. गावातील शिक्षकाने शाळेच्या फळ्यावर सेवांच्या मुदती लिहिल्या, महाविद्यालयातील मुलांनी सुटीत दहा अपिले लिहून दिली, कारकुनाने अर्जाची पोच तारखेसह दिली, तर आमदारांच्या दारातील रांग थोडी कमी होईल. त्याने आमदारांचे महत्त्व घटेल अशी भीती काहींना वाटते. पागे यांनी किती जणांना शिफारसपत्रे दिली हे आज कोणाला आठवत नाही. त्यांचे नाव राहिले आहे ते ज्यांनी कधी त्यांचे तोंडही पाहिले नाही अशा मजुरांच्या कामामुळे.