वायफायच्या रेघा पूर्ण, पण नेट नाही : रिसेट दाबण्याआधी हे बघा



१ जून ते ३१ जुलै, बंदीच्या ६१ दिवसांत होड्या किनाऱ्यावर असतात आणि राहिलेलं कागदपत्रांचं काम घरात निघतं. होडीची नोंदणी आणि परवाना रिअलक्राफ्ट पोर्टलवर, मच्छीमारांची नोंद राष्ट्रीय मत्स्य डिजिटल प्लॅटफॉर्मवर, मुलांचे प्रवेश ऑनलाइन. नेमके हेच दिवस पावसाचे, आणि केबलचं नेट याच दिवसांत जास्त रुसतं. मग कार्यालयात फोन येतो, "राउटर गेला, नवीन कुठला घेऊ?" आम्ही जाऊन बघतो तर बरेचदा राउटर धडधाकट असतो, बिघाड दुसरीकडेच असतो. म्हणून हे जरा सविस्तर लिहीत आहोत.

पहिली गोष्ट, राउटरच्या मागे टाचणी जाईल एवढं बारीक छिद्र असतं, ते रिसेटचं. ते दाबू नका. बटण बंद करून परत चालू करणं वेगळं आणि रिसेट वेगळं. रिसेट दाबलं की राउटरमध्ये भरलेलं सगळं पुसलं जातं. आपल्याकडे बऱ्याच केबल ऑपरेटरांचं नेट युजरनेम आणि पासवर्ड भरल्याशिवाय सुरू होत नाही. तो जोडणीच्या दिवशी त्यांच्या माणसाने भरलेला असतो आणि घरात कोणाकडेच लिहिलेला नसतो. म्हणजे आधी एकच बिघाड होता, आता दोन झाले. ऑपरेटरकडून लाइन तासाभरात सुरू झाली तरी तुमचं घर बंदच, तो माणूस परत येईपर्यंत. अर्जाची शेवटची तारीख असेल तर हे फार महागात पडतं. आज नेट चालू असेल तर आजच ऑपरेटरला फोन करून युजरनेम-पासवर्ड मागून घ्या आणि होडीच्या कागदांच्या फायलीत लिहून ठेवा.

दुसरी गोष्ट रेघांची. फोनवर वायफायच्या रेघा पूर्ण दिसतात म्हणजे फोन आणि राउटर यांचं आपसात जमलेलं आहे, एवढंच. राउटरला बाहेरून नेट मिळतंय की नाही हे त्या रेघा सांगत नाहीत.

इंजिन चालू होत नसलं तर आपण थेट पंप खोलत नाही. टाकीत डिझेल आहे का, फिल्टरपर्यंत येतंय का, पाइपात हवा धरली आहे का, असं क्रमाने बघतो. नेटचंही तसंच. खांबावरून मोडेमपर्यंत एक टप्पा, मोडेमपासून राउटरपर्यंत दुसरा, राउटरपासून फोनपर्यंत तिसरा. काही घरांत मोडेम आणि राउटर एकाच डब्यात असतात, तिथे मधला टप्पा डब्याच्या आतच. (तुमच्याकडे जाड काळ्या केबलऐवजी काचेच्या तंतूची बारीक वायर येत असेल तर ती फायबर. तिथे डब्यावर लाल दिवा लागला तर बिघाड बाहेरचा समजा आणि थेट तक्रार करा. ती वायर वाकवू नका, ती आतून तुटते.)

आता मोडेमचे दिवे बघा. एक विजेचा. दोन दिवे येणाऱ्या आणि जाणाऱ्या सिग्नलचे, त्यांच्यावर बाण किंवा डी-एस आणि यू-एस अशी इंग्रजी अक्षरं असतात. एक ऑनलाइनचा. स्थिर दिवा म्हणजे जमलं, सतत लुकलुकणारा म्हणजे मोडेम अजून शोधतोय. ऑनलाइनचा दिवा दहा मिनिटांनंतरही स्थिर होत नसेल तर राउटरला हातसुद्धा लावू नका, त्याचा यात काही संबंध नाही. "टीव्ही दिसतो मग नेट का नाही?" असं पुष्कळ जण विचारतात. टीव्हीचा सिग्नल फक्त येतो. नेटला मात्र घरातून परत जाणाराही सिग्नल लागतो. परतीची वाट बिघडली की टीव्ही चालतो आणि नेट थांबतं. आणखी एक, केबलच्या मार्गावर खांबांवर ॲम्प्लिफायर असतात, त्यांना वीज लागते. तुमच्या घरात लाईट असली तरी वरच्या वाड्यावर गेलेली असेल तर तुमचं नेट बंद पडू शकतं. शेजाऱ्याला विचारून बघा, त्याचंही बंद असेल तर शोधाशोध करू नका.

शेजाऱ्याचं चालू आणि आपलंच बंद, तर केबलच्या जोडाकडे बघा. किनाऱ्यावरच्या घरांत आम्हाला सगळ्यात जास्त बिघाड इथेच सापडतो. खारा वारा नट-बोल्टचं काय करतो ते तुम्हाला सांगायला नको, केबलच्या पिनचंही तेच करतो. मोडेमची वीज बंद करा, केबलचा जोड हाताने फिरवून सोडवा आणि आत बघा. मधली तार चकचकीत हवी आणि दोन-तीन मिलिमीटर बाहेर आलेली हवी. ती हिरवी पडली असेल, जोडाच्या आत पांढरी भुकटी असेल किंवा बाहेरच्या जाळीचा एखादा केस मधल्या तारेला टेकला असेल तर रोग सापडला. घासून तात्पुरतं चालेल, पण जोड कापून नवीन बसवणं हाच इलाज. तो ऑपरेटरच्या माणसाकडून करून घ्या. परत लावताना हाताने घट्ट आवळा. अर्धवट फिरवलेला जोड पावसात हमखास दगा देतो.

स्प्लिटरही बघा. एका केबलचे दोन भाग केले की प्रत्येक बाजूला निम्म्याहून थोडा कमीच सिग्नल उरतो. तीन खोल्यांत टीव्ही नेण्यासाठी स्प्लिटरला स्प्लिटर जोडलेला असेल तर मोडेमच्या वाट्याला काय राहणार? एकदा स्प्लिटर काढून मोडेम थेट केबलला लावून बघा. घराबाहेरचा स्प्लिटर उघड्यावर असेल तर तो आत घ्यायला सांगा. केबल भिंतीत शिरते तिथे आधी खाली झोळ देऊन मग वर घ्यावी, म्हणजे पावसाचं पाणी झोळाला ठिबकतं, आत येत नाही. खांबावरच्या पेटीला मात्र हात लावू नका. तिथल्या केबलमधून ॲम्प्लिफायरसाठी वीज जात असते.

बंद-चालू करायचं तर क्रमाने करा. दोन्ही डबे बंद करा आणि पाच मिनिटं थांबा. मोडेमला बॅटरी किंवा इन्व्हर्टरची लाइन असेल तर तीही काढा, नाहीतर तो खरा बंद झालेलाच नसतो. आधी मोडेम चालू करा आणि ऑनलाइनचा दिवा स्थिर होऊ द्या. मगच राउटर.

मोडेम ठीक असेल तर मधला टप्पा. मोडेमकडून येणारी वायर राउटरच्या एकट्या, वेगळ्या रंगाच्या खाचेत हवी. तिच्यावर डब्ल्यू-ए-एन किंवा इंटरनेट असं इंग्रजीत लिहिलेलं असतं. साफसफाईत वायर निघाली आणि शेजारच्या खाचेत गेली की वायफाय दिसतं, नेट येत नाही. शंका असेल तर लॅपटॉप थेट मोडेमला वायरने लावून बघा. युजरनेम-पासवर्ड लागणारी जोडणी असेल तर तो लॅपटॉपवरही भरावा लागेल. लॅपटॉपला मिळालेला पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर समोरून काहीच मिळालेलं नाही, वायर बदलून बघा किंवा तक्रार करा.

लॅपटॉपवर चालतं आणि नव्या राउटरवर चालत नाही, हा प्रकार म्हापशाहून किंवा मडगावहून नवीन राउटर आणणाऱ्यांच्या घरी होतो. दुकानदाराशी भांडू नका. प्रत्येक यंत्राला कारखान्यातून १२ अक्षर-आकड्यांचा मॅक नंबर मिळतो. बरेच मोडेम आणि ऑपरेटर पहिल्या यंत्राचा नंबर लक्षात ठेवतात आणि दुसऱ्याला दारात उभं करत नाहीत. मोडेम पाच-दहा मिनिटं बंद ठेवून परत चालू केला की कधी कधी तो जुना नंबर विसरतो. नाहीच विसरला तर राउटरच्या खालच्या स्टिकरवरचा नंबर ऑपरेटरला सांगून नोंदवून घ्या. ऑपरेटरचा डबा स्वतःच राउटर असेल आणि तुम्ही त्याला आणखी एक राउटर जोडलात तर दोघांचा पत्ता एकच, बहुधा १९२.१६८.१.१, असू शकतो. मग दोघांची टक्कर होते. तुमच्या राउटरचा पत्ता बदलून १९२.१६८.२.१ करा. टाइप करताना आकडे इंग्रजी.

तिसऱ्या टप्प्याचं थोडक्यात. चिऱ्यांच्या जाड भिंतीतून वायफाय नीट जात नाही, स्वयंपाकघरात नेट मंद असेल तर तो बिघाड नव्हे. गळतीच्या भीतीने राउटर प्लास्टिकच्या पिशवीत बांधू नका, तो तापतो आणि अडकतो. जागा बदला. बाकी सगळं उघडतं आणि एकच सरकारी पोर्टल उघडत नाही, तर तुमच्या घरात काहीही बिघडलेलं नाही, रात्री उशिरा किंवा पहाटे प्रयत्न करा.

विजा कडकडायला लागल्या की विजेचा प्लग तर काढाच, केबलचा जोडही काढा. जळणारे मोडेम केबलवाटेही जळतात.

तक्रार करताना "नेट नाही" एवढंच सांगितलं तर पलीकडचा माणूस "राउटर बंद-चालू करा" म्हणून फोन ठेवतो. असं सांगा : "मोडेमचा ऑनलाइन दिवा लुकलुकतोय, स्प्लिटर काढून थेट लावून बघितलं, शेजाऱ्याचं चालू आहे." तक्रारीचा नंबर मागून घ्या आणि तारीख-वेळेसह लिहून ठेवा. दाद मिळाली नाही तर ट्रायच्या नियमानुसार कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे जाता येतं, तिथे हाच नंबर लागतो.

अर्जाची तारीख तोंडावर असेल तर नेट दुरुस्त होण्याची वाट बघत बसू नका, फोनचा हॉटस्पॉट लावून अर्ज भरून टाका. तेही जमत नसेल तर होडीची मूळ कागदपत्रं, आधार कार्ड आणि आधारला जोडलेला मोबाइल घेऊन कार्यालयात या. ओटीपी त्या मोबाइलवरच येतो, तो घरी ठेवून येऊ नका.