सग्वारोच्या वाटेला जाऊ नका!

अमेरिकेत ॲरिझोना राज्यात, फिनिक्स शहराच्या पूर्वेला, सुपरस्टिशन नावाचे डोंगर आहेत. जेकब वॉल्ट्झ नावाचा एक जर्मन गृहस्थ १८९१ मध्ये वारला. त्याची सोन्याची खाण याच डोंगरांत दडली आहे म्हणे! सोनं कुणाला सापडलं नाही, पण सोनोरा वाळवंटाची खरी मिजास तिथे उघड्यावर उभी आहे. तिचं नाव सग्वारो.

हा निवडुंग ४० फुटांपलीकडे वाढतो, पण घाई म्हणून नाही. पहिल्या आठ वर्षांत उंची जेमतेम दीड इंच, आणि पहिला फाटा फुटेपर्यंत वयाची पन्नाशी-पंच्याहत्तरी उलटलेली. पाऊस पडला की अंगावरच्या चुण्या उलगडतात आणि खोड पाणी पिऊन फुगतं. गिला सुतारपक्षी त्यात ढोली कोरतो. त्याने ती सोडली की एल्फ घुबड बिनभाड्याने राहायला येतं. जगातलं हे सगळ्यात हलकं घुबड, वजन सुमारे ४० ग्रॅम!

सग्वारोचे चोरही आहेत. म्हणून सग्वारो नॅशनल पार्कमध्ये या झाडांना चक्क मायक्रोचिप बसवतात. १९८२ मध्ये ॲरिझोनातच एकाने मौजेखातर सग्वारोवर गोळ्या झाडल्या. भलामोठा फाटा तुटून त्याच्याच अंगावर पडला आणि त्याचा जीव गेला.

याच वाळवंटातला कांगारू उंदीर आयुष्यभर पाण्याला तोंड न लावता जगू शकतो. कोरड्या बिया पचवतानाच शरीरात पाणी तयार होतं, तेवढं त्याला पुरतं. काउचचा स्पेडफूट बेडूक वर्षातला बराच काळ जमिनीत गाडून घेतो आणि पावसाळी गडगडाटाने जागा होतो. डबकं आटायच्या आत संसार उरकायचा असतो, त्यामुळे अंड्यापासून बेडकापर्यंतचा प्रवास आठ-दहा दिवसांतही होतो.

टोळखाऊ उंदराची तर बातच न्यारी. विंचवाने नांगी मारली तरी तो त्याला खातोच, कारण बार्क विंचवाचं विष त्याच्या अंगात वेदना बंद करण्याचं काम करतं.

गिला मॉन्स्टर हा विषारी सरडा शेपटीत चरबी साठवून बहुतेक आयुष्य बिळात लोळत काढतो. असल्या आळशाच्या लाळेतल्या एका घटकावरून एक्झेनाटाइड हे मधुमेहावरचं औषध निघालं! २००५ मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली.

जॅव्हेलिना दिसतो डुकरासारखा, पण डुक्कर नव्हे. फड्या निवडुंग तो काट्यांसकट चावून खातो. आपल्याकडे शेताच्या कुंपणाला दिसणारा फड्या निवडुंगही मूळचा अमेरिकेचाच पाहुणा.

तिकडे फिरायला जाणार असाल तर उन्हाळा टाळा, पाणी भरपूर घ्या आणि खिशात कंगवा ठेवा. केसांसाठी नव्हे! जंपिंग चोया नावाच्या निवडुंगाचा नुसता धक्का लागला तरी त्याचा काटेरी गोळा तुटून अंगात रुततो. हाताने उपटायला गेलात तर तो हातालाच चिकटतो. कंगवा खाली सरकवा आणि झटक्यात उडवा.