गप्प उभी राहिलेली मुलं

जुलै १९८५. केरळमधल्या एका शाळेत सकाळचं राष्ट्रगीत सुरू होतं. दहावी, नववी आणि पाचवीतली तीन भावंडं सगळ्यांसोबत आदरानं उभी राहतात, पण गात नाहीत. ती यहोवाच्या साक्षीदारांच्या घरातली. या पंथाची माणसं कुठल्याच देशाचं राष्ट्रगीत गात नाहीत. प्रार्थना फक्त देवाची, ही त्यांची श्रद्धा. वर्षानुवर्षं कुणाला यात काही वावगं वाटलं नव्हतं. मग एका आमदारानं ते पाहिलं, विषय विधानसभेत गेला, समिती नेमली गेली. मुलांनी अनादर केलेला नाही, असं समितीनंच सांगितलं. तरीही त्यांना शाळेतून काढलं.

उच्च न्यायालयानं राष्ट्रगीताचा शब्दन् शब्द तपासला. यात कुणाच्या धर्माला बाधेल असं काहीच नाही, म्हणून मुलांचं म्हणणं फेटाळलं. मलाही असा शब्द सापडला नसता. पण सर्वोच्च न्यायालयात न्या. ओ. चिन्नप्पा रेड्डी यांनी प्रश्नच बदलला. श्रद्धा आपल्या बुद्धीला पटते का, हे पाहायचंच नाही. ती मनापासूनची आहे का, एवढंच पाहायचं!

या विचाराचा एक आधार निघाला मुंबईत. विसाव्या शतकाच्या आरंभी एका पारशी मृत्युपत्राचा वाद मुंबई उच्च न्यायालयात आला होता. मुक्तादचे, म्हणजे मृतांच्या स्मरणाचे, विधी कायम चालावेत म्हणून ठेवलेला पैसा धर्मादाय मानायचा का? न्या. दिनशा दावर यांनी तो तसा मानला. समाजाची जी श्रद्धा असेल ती न्यायाधीशानं स्वीकारावी, तिचा निवाडा करू नये, असं त्यांनी लिहिलं. हे तेच दावर, ज्यांनी १९०८ मध्ये लोकमान्यांना सहा वर्षांची शिक्षा ठोठावली. संविधान नव्हतं, मूलभूत हक्क नव्हते, राज्य इंग्रजांचं. आणि त्या हातून हे उतरलं. १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते उचललं आणि तिथून ते केरळच्या या मुलांपर्यंत पोचलं. एका मृत्युपत्राच्या भांडणातलं वाक्य एवढं लांब चालत जातं, याचं मला अजून नवल वाटतं.

शिक्षण खात्यानं बोट दाखवलं होतं ते आपल्याच परिपत्रकांकडे. त्यावर न्यायालयाचं उत्तर सरळ आहे. कलम २५ मधलं धर्मस्वातंत्र्य अमर्याद नाही. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य अशा कारणांसाठी त्याला आवर घालता येतो, पण तो कायद्यानं. परिपत्रक म्हणजे कायदा नव्हे. आणि १९७१चा राष्ट्रगीताच्या अवमानाविरुद्धचा कायदा गाण्यात अडथळा आणणाऱ्याला शिक्षा देतो, न गाणाऱ्याला नाही.

अमेरिकेत याच पंथाच्या मुलांनी झेंड्याला सलामी नाकारली होती. १९४० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयात ती हरली. १९४३ मध्ये, महायुद्ध ऐन भरात असताना, त्याच न्यायालयानं आपला निकाल फिरवला.

आपल्याकडचा निकाल लागला ११ ऑगस्ट १९८६ला. मुलांना पुन्हा शाळेत घ्या, त्यांच्या शिक्षणात अडथळा आणू नका, असा आदेश होता. स्वातंत्र्यदिन चार दिवसांवर आला होता.