शिट्टी कुणासाठी?

नाट्यगृहात टाळी वाजली की ती नटापर्यंत पोचते. संगीत नाटकांच्या काळात ‘वन्स मोअर’ आला की बालगंधर्व पद पुन्हा म्हणत आणि नाटक रात्र सरेपर्यंत लांबे. सिनेमातल्या नायकाला मात्र आपलं काहीच ऐकू येत नाही. त्यानं संवाद म्हटला केव्हाच, आपण शिट्टी मारतो आज. मग ती मारायची कुणासाठी?

माझ्या मते, शेजाऱ्यासाठी. ‘मला आवडलं, तुम्हालाही आवडलं ना?’ असं अनोळखी माणसाला अंधारात विचारायची ही रीत आहे. दुपारच्या खेळाला रिकाम्या थिएटरात एकटाच बसलेला माणूस कधी शिट्टी मारताना पाहिलाय?

ही सवय आपल्याकडे जवळजवळ सिनेमाइतकीच जुनी. दादासाहेब फाळक्यांच्या ‘लंकादहन’मध्ये (१९१७) पडद्यावर राम दिसला की लोक हात जोडत. १९७५ साली ‘जय संतोषी माँ’ला प्रेक्षक चपला काढून बसत, पडद्याकडे फुलं आणि नाणी उधळत. त्याच वर्षी आलेल्या ‘शोले’चे संवाद तर पुढे इतके पाठ झाले, की गब्बरच्या आधी थिएटरच बोलून मोकळं होई.

सिनेमावाले हे पुरतं ओळखून असतात. नायकाचा प्रवेश नीट बघा. आधी बूट, मग पाठ, मग सावकाश वळणारा चेहरा, आणि पुढे काही क्षण कुणी बोलतच नाही. ती जागा शिट्ट्यांसाठी राखलेली असते, नाहीतर पुढचं वाक्य गोंगाटात बुडायचं. हसण्याचंही तेच. अमेरिकेतल्या मार्क्स बंधूंनी ‘अ नाइट अ‍ॅट द ऑपेरा’मधले (१९३५) प्रसंग चित्रीकरणाआधी रंगमंचावर करून पाहिले, लोक कुठे हसतात आणि किती वेळ हसतात ते मोजायला.

मल्टिप्लेक्स आली, तिकिटं महागली आणि ज्यांना ‘पिटातलं पब्लिक’ म्हणून नाकं मुरडली जात, ती मंडळी कमी झाली. सिनेमा शांतपणे बघता येतो हे मलाही आवडतं. (मोबाइलवर बोलणाऱ्यांपेक्षा शिट्टीवाले परवडले, हा भाग वेगळा.)

मग २०१६ साली ‘सैराट’ आला. ‘झिंगाट’ लागलं की पोरं खुर्च्या सोडून पडद्यापुढे नाचायला धावत. आणि शेवटच्या प्रसंगात नागराज मंजुळे यांनी आवाजच काढून घेतला. लहानगं मूल रडतंय, पण ऐकू काही येत नाही. एरवीच्या गप्प थिएटरात ही शांतता इतकी जाणवली असती का, मला शंका आहे. मघाशी नाचलेली तीच पोरं दिवे लागले तरी जागची उठत नव्हती.